सेबोर्गा : तीनशे माणसांचं संस्थान आणि त्याची घरातली बोली

शेवंती (धागाकर्ती)

फेब्रुवारीत तिसऱ्यांदा सेबोर्ग्याला जाऊन आले. पहिल्या दोन्ही खेपा पाहुण्यासारख्या झाल्या. चौकीपाशी फोटो काढला, एक नाणं विकत घेतलं, संध्याकाळी परत. या वेळी दोन दिवस राहिले आणि लक्षात आलं की झेंड्याच्या आणि नाण्याच्या मागे जे गाव आहे, ते मी पाहिलंच नव्हतं. ते सांगण्यासाठी हा धागा.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या हद्दीपासून जवळ, समुद्रकाठी बोर्दिगेरा नावाचं गाव आहे. तिथून वळणावळणाच्या रस्त्याने बाराएक किलोमीटर वर चढलं की पाचशे मीटर उंचीवर सेबोर्गा लागतं. वस्ती तीनशेच्या आसपास. इटलीच्या दप्तरात ही इम्पेरिया जिल्ह्यातली एक साधी ग्रामपंचायत. गावकऱ्यांच्या हिशेबात मात्र हे स्वतंत्र संस्थान आहे: निवडून दिलेला प्रिन्स, मंत्री, निळ्या-पांढऱ्या गणवेशातले स्वयंसेवक पहारेकरी, लुईजिनो नावाचं चलन आणि 'सावलीत बस' अशा अर्थाचं लॅटिन ब्रीदवाक्य.

दावा असा की ९५४ मध्ये व्हेंतिमिल्याच्या काउंटाने हा डोंगर लेरँच्या बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंना दान दिला. लेरँ म्हणजे फ्रान्समधल्या कान शहरासमोरची बेटं. तिथला मठ आजही नांदता आहे. दानानंतर मठाचा प्रमुख तोच गावाचा धनी झाला. जानेवारी १७२९ मध्ये मठाने गाव सव्हॉय घराण्याच्या राजाला विकलं. पुढे इटलीचं राज्य याच घराण्याकडे गेलं. सेबोर्गाकर म्हणतात की त्या व्यवहाराची रीतसर नोंद झालीच नाही, म्हणून १८६१ मध्ये इटलीचं एकीकरण झालं तेव्हा आम्ही तिच्यात सामील झालोच नव्हतो.

ही जुनी गोष्ट उचलून धरली जोर्जो कार्बोने या फुलशेतकऱ्याने. गावातल्या फूल-उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा तो प्रमुख होता. १९६३ मध्ये गावाने त्याला प्रिन्स म्हणून निवडलं आणि २००९ मध्ये मरेपर्यंत तोच प्रिन्स राहिला. एप्रिल १९९५ मध्ये स्वातंत्र्यावर गावाचं मतदान झालं. बाजूने ३०४, विरुद्ध ४. कार्बोनेनंतर २०१० मध्ये मार्चेल्लो मेनेगात्तो आले आणि २०१९ पासून नीना मेनेगात्तो या प्रिन्सेस आहेत. हे पद वारसाने येत नाही, मुदत सात वर्षांची असते.

आता गावाविषयी.

मी ज्यांच्याकडे राहिले ते आजी-आजोबा मिमोझा पिकवतात. मिमोझा म्हणजे आपल्या बाभळीच्या कुळातलं झाड, मूळचं ऑस्ट्रेलियाचं. बाभळीसारखेच पिवळे गोंडे, पण काटे नाहीत. इटलीत ८ मार्चला बायकांना मिमोझाची डहाळी देतात. १९४६ मध्ये तिथल्या स्त्री-संघटनेने हे फूल निवडलं, कारण त्या दिवसांत ते फुललेलं असतं आणि गरिबालाही परवडतं. त्यामुळे फेब्रुवारी संपत आला की या डोंगरात कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो.

आजोबांनी मला घराखालची खोली दाखवली. दार उघडताच चष्म्यावर वाफ धरली. आत उबदार आणि दमट. बादल्यांतून फांद्या पाण्यात उभ्या करून ठेवलेल्या. कालच्या फांद्यांवर मोहरीएवढे हिरवट दाणे, परवाच्या फांद्या पिवळ्याधमक. झाडावर फुलायची वाट पाहिली तर फूल बाजारात जाईपर्यंत गळतं, म्हणून कळीतच तोडतात आणि अशा खोलीत दोन-तीन दिवस ठेवून उमलवतात. आजी एका हाताने डहाळ्या जुळवायच्या, दुसऱ्या हाताने देठ सारखे कापायच्या, नजर कामावर नसायचीच. जुड्या पहाटे खाली सान्रेमोच्या फुलबाजारात जातात.

त्या खोलीत मला पहिल्यांदा सेबोर्ग्याची भाषा ऐकू आली. माझ्याशी दोघं इटालियन बोलत होते. एकमेकांशी बोलताना सूरच बदलायचा. मला इटालियन बरं येतं, तरी निम्मं कळेना. आजोबांनी दोन-चार शब्द समजावले. इटालियनमधला 'पियाझ्झा', म्हणजे चौक, त्यांच्याकडे 'चास्सा' होतो. 'प्यू', म्हणजे जास्त, त्याचा 'च्यू'. 'बियांको', पांढरा, त्याचा 'जांकू'. ही लिगुरियन, म्हणजे लिगुरिया या इथल्या प्रांताची भाषा. जिनोव्हापासून फ्रान्सच्या हद्दीपर्यंत किनाऱ्याने आणि डोंगरांतून ती वेगवेगळ्या रूपांत बोलली जाते; हे तिचं पश्चिमेकडचं रूप.

बाहेर आले आणि गावभर फिरले. संस्थानाच्या पाट्या इटालियनमध्ये. ब्रीदवाक्य लॅटिन. दुकानात इंग्रजी आणि फ्रेंच. गावाचं वेगळेपण जिच्यात खरोखर आहे ती बोली मला त्या दमट खोलीतच ऐकू आली, संस्थानाच्या दर्शनी भागात कुठेही दिसली नाही. तेव्हापासून मनात एकच गोष्ट घोळते आहे: वेगळा देश म्हणून उभं राहायचं ठरवलं, तर भाषेला पहिला पाट का नाही मिळाला? तुम्हाला काय वाटतं?

रानवाट

ताई, फार सुंदर लिहिलंय. दमट खोली डोळ्यांसमोर उभी राहिली. एक बाळबोध प्रश्न. हे लोक कर कुणाला भरतात? आणि मत कुणाला देतात?

शेवंती

रानवाट, प्रश्न बाळबोध नाही, मीही पहिला हाच विचारला होता. कर इटलीला भरतात. मतदान इटलीच्या निवडणुकांत करतात. गावाला इटालियन कायद्याप्रमाणे महापौरही आहे. संस्थानाचा पासपोर्ट मिळतो, पण त्यावर प्रवास होत नाही. गाडीला संस्थानाची पाटी लावली तरी इटलीची नंबरप्लेट लागतेच. रोजच्या खरेदीत युरो. लुईजिनोचा भाव सहा अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, पण मला तो पाहुण्यांच्याच हातात दिसला.

इटलीशी भांडण असं गावात कुठे जाणवत नाही. पोस्टमन इटलीचा, डॉक्टर इटलीचा. २० ऑगस्टला संत बर्नार्डचा उत्सव असतो, त्या दिवशी पहारेकरी मिरवणुकीत असतात आणि सगळं गाव त्यांच्या मागे. उरलेलं वर्ष फुलं, ऑलिव्ह, पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आणि खाली समुद्रकाठी नोकरीला जाणारी मुलं. कित्येक जण हद्द ओलांडून मोनाकोत कामाला जातात. पहाटेच्या गाड्या भरून जातात, संध्याकाळी भरून येतात.

नाणेघाट

लुईजिनो हा शब्द वाचून राहवलं नाही. या नाण्याची कथा सेबोर्ग्याहून मोठी आहे आणि तिचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं पाच 'सू' किमतीचं छोटं चांदीचं नाणं होतं. लुईवरून लुईजिनो. सतराव्या शतकाच्या मध्यात ते व्यापाऱ्यांबरोबर तुर्कस्तानात पोचलं आणि तिथल्या बायकांना भारी आवडलं. त्या ते दागिन्यात ओवू लागल्या. मागणी अशी वाढली की जिनोव्हाच्या आसपासच्या छोट्या-छोट्या जहागिऱ्यांनी टांकसाळी काढून तशीच नाणी पाडायला सुरुवात केली. पुष्कळांनी चांदी कमी घातली. शेवटी तुर्कांनी ही नाणी घेणंच बंद केलं. सेबोर्ग्यातल्या साधूंनी टांकसाळ काढली ती याच लाटेत, १६६६ मध्ये. आपल्याकडे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते याच वर्षी.

आता आपल्या घराचा धागा. आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आठवा. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख आणि दुसऱ्या बाजूला ख्रिस्त उभा असे. आपल्याकडच्या लोकांनी त्या आकृत्या पाहून नाण्याला 'पुतळी' म्हटलं, ओवून गळ्यात घातलं आणि पुढे सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या. इटलीतून निघालेलं नाणं पूर्वेकडच्या बायकांच्या गळ्यात जाऊन दागिना होतं, हे एकदा तुर्कस्तानात घडलं आणि एकदा आपल्याकडे.

मला या धंद्याचं महत्त्व यासाठी वाटतं की टांकसाळ होती हा सेबोर्गाकरांचा मोठा आधार आहे. स्वतःचं नाणं पाडत होतो म्हणजे सार्वभौम होतो, असं ते म्हणतात. पण त्या काळी त्या पट्ट्यात कितीतरी जहागिरदार नाणी पाडत होते. नाणं पाडण्याचा हक्क असणं आणि स्वतंत्र राज्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

पंतोजी

नाणेघाटांशी सहमत, आणि थोडं पुढे जाऊन बोलतो. राग मानू नका शेवंतीताई, गाव मलाही आवडलं, पण इतिहासाच्या बाबतीत सैल राहता येत नाही.

मठाची जहागीर होती, हे खरं. मठाधिपतीला गावावर अधिकार होते, हेही खरं. पण युरोपात अशा शेकडो जहागिऱ्या होत्या. १७२९ नंतर सव्हॉय घराण्याने तिथे राज्य केलं, कर घेतले, पुढे इटलीने तेच केलं, आणि दोनशेहून जास्त वर्षं गावाने ते मान्य केलं. एखादी नोंद करायची राहिली म्हणून दोन शतकांचा कारभार पुसला जात नाही. इटलीने हा दावा मानलेला नाही, जगातल्या दुसऱ्या कुठल्या देशानेही नाही. गावात टेंपलर सरदारांच्या (मध्ययुगातल्या धर्मयुद्धांतल्या साधू-योद्ध्यांच्या) कथा सांगतात, संत बर्नार्ड स्वतः तिथे आले होते असं सांगतात. त्या दंतकथा आहेत, आणि त्या दंतकथा म्हणूनच सांगायला हव्यात.

माझी काळजी वेगळीच आहे. खोट्या इतिहासावर गावाचं पोट चालायला लागलं की खरा इतिहास कुणी विचारत नाही. साधूंच्या काळातला शेतसारा कसा होता, पाणी कसं वाटत, ऑलिव्हचे घाणे कुणाचे, हा तिथल्या माणसांचा खरा इतिहास. प्रिन्सच्या झगझगाटात तो मागे पडतो.

शेवंती

पंतोजी काका, राग कशाला? दाव्याच्या कायदेशीर बाजूबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. मीही त्याला 'दावा' असंच म्हटलंय.

पण कार्बोने कोण होता ते पाहा. सहकारी संस्थेचा प्रमुख. १९६३ च्या सुमाराला त्या सगळ्या डोंगरातून माणसं खाली उतरत होती. किनाऱ्यावर हॉटेलं, घरबांधणी, तुरिनकडे कारखाने. वरच्या गावांत म्हातारे उरले, शेताच्या पायऱ्या ढासळल्या. सेबोर्ग्याच्या आजूबाजूला मी अशी गावं पाहिली आहेत जिथे हिवाळ्यात चार चुली पेटतात. सेबोर्ग्यात आजही बस येते, खाणावळ चालते, दुकानं आहेत, चर्चसमोरच्या चौकात मुलं चेंडू खेळतात. कार्बोनेने लोकांना वर चढायला एक कारण दिलं. मला त्याचं हे काम मोलाचं वाटतं, मग तो इतिहासकार म्हणून कितीही कच्चा असो. लोक त्याला लाडाने 'महाभयंकर महाराज' अशा अर्थाची पदवी लावायचे, आणि आजोबा त्याचं नाव काढताना आजही हातातलं काम थांबवतात.

तुमची शेवटची गोष्ट मात्र मनाला लागली. पाणी कसं वाटत, हे मी आजोबांना विचारायला हवं होतं.

गडगेवाला

पायऱ्यांच्या शेताचा विषय निघाला म्हणून. मी देवगडकडचा. लिगुरियातल्या त्या दगडी भिंती चुन्याशिवाय रचतात का? आमच्याकडे बागेला गडगा घालतात तसा? नुसता दगड दगडावर बसवायचा, मध्ये चिपा मारायच्या.

शेवंती

अगदी तस्साच, दादा! चुना नाही, सिमेंट नाही. फरक इतकाच की तुमचा गडगा हद्द आणि गुरं राखतो, त्यांचा गडगा माती धरून ठेवतो. चढाच्या डोंगरात माणसाच्या उंचीची भिंत आणि वर खोलीएवढी सपाट जमीन, मग पुन्हा भिंत. पावसाचं पाणी दगडांच्या फटींतून झिरपून जातं, म्हणून भिंत फुगत नाही. सिमेंटने बांधलेली भिंत पाणी अडवते आणि एका मोठ्या पावसात मातीसकट खाली येते, असं आजोबा म्हणाले. २०१८ मध्ये ही कोरड्या दगडी भिंतीची विद्या युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, इटलीसह आठ देशांची मिळून. पण रचणारे हात कमी झालेत. आजोबांचा मुलगा खाली गॅरेजात काम करतो, रविवारी येऊन भिंत दुरुस्त करतो.

अक्षरवेल

भाषेच्या प्रश्नावर लिहायला वेळ काढून बसले आहे, जरा लांबेल.

इटलीत १९९९ साली भाषिक अल्पसंख्याकांचा कायदा झाला, क्रमांक ४८२. त्यात बारा भाषांना संरक्षण मिळालं: जर्मन, ग्रीक, कातालान, सार्डिनियन, ऑक्सितान (मुख्यतः दक्षिण फ्रान्समधली भाषा) वगैरे. लिगुरियन त्या यादीत नाही. युनेस्कोने तिला धोक्यात असलेल्या भाषांत धरलंय, पण देशाच्या कायद्यात ती 'बोली', म्हणजे घरात बोलायची गोष्ट.

आता गंमत नव्हे, वेदनेची गोष्ट. सेबोर्गा ज्या इम्पेरिया जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या काही डोंगरी गावांनी कायदा आल्यावर जाहीर केलं की आमची भाषा ऑक्सितान आहे. ओलिवेत्ता सान मिकेले हे त्यातलं एक, त्रिओराच्या वरच्या वाड्याही त्यात. फिओरेंझो तोसो हे लिगुरियनचे मोठे अभ्यासक. त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं की तिथली बोली लिगुरियनच आहे. गावांनी असं का केलं? ऑक्सितान म्हटलं की मान्यता, पाट्या, अनुदान मिळतं. लिगुरियन म्हटलं की काहीच मिळत नाही.

म्हणजे एकाच डोंगररांगेत दोन तऱ्हेच्या घोषणा झाल्या. एका गावाने वेगळा देश जाहीर केला, दुसऱ्यांनी वेगळी भाषा जाहीर केली. दोन्हीकडे खरी लिगुरियन उंबऱ्याच्या आतच राहिली. ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे: भाषेला पहिला पाट मिळाला नाही, कारण शंभरेक वर्षं शाळेने त्या माणसांना शिकवलंय की घरात बोलतो ती भाषाच नाही. प्रिन्स मिरवायला त्यांना संकोच वाटला नाही, बोली मिरवायला वाटला.

मी जळगावची. घरात अहिराणी. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी 'नीट बोल' म्हटलं, त्याला चाळीस वर्षं झाली. अजून चारचौघांत अहिराणी तोंडातून निघायला क्षणभर अडखळते. म्हणून त्या आजोबा-आजींच्या खोलीतलं दृश्य मला अगदी जवळचं वाटलं.

रानवाट

अक्षरवेल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडेही आई मामांशी फोनवर मालवणीत बोलते आणि फोन ठेवला की आमच्याशी 'शुद्ध'. कधी विचारलं नाही का ते. आज विचारणार.

दर्यावर्दी

भाषेला पहिला पाट देणारा स्वयंघोषित देशही इटलीच्याच अंगणात होऊन गेला. बोलोन्याचे अभियंते जोर्जो रोझा यांनी रिमिनीच्या समुद्रात, किनाऱ्यापासून साडेअकरा किलोमीटरवर, त्या वेळच्या इटलीच्या सागरी हद्दीच्या जरा बाहेर, खांबांवर ४०० चौरस मीटरचा चौथरा उभारला. खाली समुद्रतळाला भोक पाडून २८० मीटर खोलीवरून गोडं पाणी काढलं. मी जहाजावर पंचवीस वर्षं काढली आहेत. उघड्या समुद्रात स्वतःच्या डोक्याने असं काम करणाऱ्याबद्दल मला अतोनात आदर आहे.

१ मे १९६८ ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि राजभाषा ठेवली एस्पेरांतो, म्हणजे सगळ्या जगाने वापरावी म्हणून मुद्दाम रचलेली भाषा. देशाचं नावही एस्पेरांतोत: 'इन्सुलो दे ला रोझोय', गुलाबांचं बेट. टपाल तिकिटं छापली. जून संपायच्या आत इटलीच्या पोलिसांनी ताबा घेतला. फेब्रुवारी १९६९ मध्ये नौदलाने सुरुंग लावले, तरी खांब उभेच राहिले. शेवटी त्याच महिन्याच्या वादळात तो चौथरा समुद्रात गेला.

पण शेवंतीताई, तिथे भाषा होती आणि ती बोलत घरात वाढणारं पोर नव्हतं. सेबोर्ग्यात बोलणारं घर आहे आणि भाषेला पद नाही. या दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या की तुमचा प्रश्न मला जास्त कळतो.

मिल्वॉकीकर

दर्यावर्दी काकांच्या मुद्द्यात आमच्या गावची भर. १९७९ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरातल्या रॉबर्ट बेन मॅडिसन या चौदा वर्षांच्या मुलाने स्वतःची झोपायची खोली स्वतंत्र राज्य म्हणून जाहीर केली. नाव तालोसा. फिनिश भाषेत त्याचा अर्थ 'घराच्या आत'. पुढच्याच वर्षी त्याने त्या राज्यासाठी भाषा रचायला घेतली, फ्रेंच-इटालियनच्या कुळातली वाटावी अशी. आज तिचा शब्दकोश हजारो शब्दांचा आहे आणि शब्द, व्याकरण ठरवायला समिती आहे. पंतप्रधान, संसद, पक्ष, निवडणुका, सगळं आहे. १९९६ मध्ये ते इंटरनेटवर आले आणि मग दुसऱ्या देशांतली माणसंही नागरिक झाली. २००४ मध्ये फूट पडून एक गट प्रजासत्ताक म्हणून बाहेर पडला, २०१२ मध्ये पुन्हा एकत्र आले.

ही गोष्ट मी मुलीला सांगितली. ती मराठी वाचायचा कंटाळा करते. म्हणाली, त्याने एकट्याने भाषा केली, मग आपल्याकडे तर आयती आहे. तेव्हापासून रोज रात्री एक पान वाचते.

मधुमालती

सगळं वाचतेय. माझा प्रश्न स्वयंपाकघरातला: मी शाकाहारी आहे, तिथे गेले तर काय खाईन?

शेवंती

मधुमालती, तुझी सोय उत्तम होईल. डोंगरात सशाचं मटण प्रसिद्ध आहे, छोटी ताज्जास्का ऑलिव्ह घालून करतात, ते तुझ्या कामाचं नाही. पण फारिनाता आहे. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल. पीठ काही तास भिजवून ठेवायचं, वरचा फेस काढायचा, मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत भाजायचं. वरून खरपूस, आतून मऊ. पहिला घास घेतला आणि आईचं धिरडं आठवलं. मिरची-कोथिंबीर नाही, फक्त मिरपूड. आणि फुगास्सा, म्हणजे इटालियन फोकाच्चाचं लिगुरियन नाव, तेलाने चमकणारा जाड पाव. आजी त्याचा तुकडा सकाळी दुधाच्या कॉफीत बुडवून खातात.

धानोऱ्याचा

मी फारसा लिहीत नाही, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. त्यांनी झेंडा केला नाही, नाणं पाडलं नाही. ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, एवढंच केलं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकू लागले. आणि ग्रामसभा गोंडीत चालते. गावाचा कारभार ज्या भाषेत होतो ती भाषा म्हाताऱ्यालाही कळते आणि बोलताना कुणी लाजत नाही. सेबोर्ग्याच्या मंत्र्यांच्या बैठका कुठल्या भाषेत होत असतील, असं मनात आलं.

पंतोजी

धानोऱ्याचे, एवढ्या थोडक्यात तुम्ही जे मांडलंत ते मला चार पानांत जमलं नसतं. मात्र या दोन गावांची तुलना जपून करायला हवी. मेंढ्याने देशाच्या कायद्यात राहून हक्क मिळवला, सेबोर्ग्याने कायद्याबाहेरचा दावा केला. पण बैठकीच्या भाषेचा प्रश्न दोन्हीकडे तितकाच लागू आहे, हे मान्य.

आणि शेवंतीताई, चौकात खेळणाऱ्या मुलांबद्दल तुम्ही लिहिलंत. ती कुठल्या भाषेत ओरडत होती?

शेवंती

काका, इटालियनमध्ये. मी मुद्दाम थांबून ऐकलं होतं. चेंडू पायऱ्यांवरून खाली गेला तेव्हा मात्र एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा काहीतरी ओरडला आणि बाकावर बसलेले तिन्ही म्हातारे हसले. मला शब्द कळला नाही. आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, शिवी आहे, त्याच्या आजोबांची आहे, मी सांगणार नाही.

२० ऑगस्टच्या उत्सवाला पुन्हा जातेय. धानोऱ्याच्या दादांचा बैठकीच्या भाषेचा प्रश्न आणि तुमचा पाणीवाटपाचा प्रश्न वहीत लिहून घेतलाय. नाणेघाट, तुमच्यासाठी एक लुईजिनो आणते. आजोबा परवानगी देतील तर त्यांचं बोलणं अर्धा तास ध्वनिमुद्रित करणार आहे, आणि अक्षरवेल, ते तुम्हाला पाठवते.